डोयांगचे ससाणे आले का? पांगतीचं गाव, त्याचा सण आणि आपला पक्षी सप्ताह

रानवारा | ५ नोव्हेंबर, रात्री ९.१०

आज पक्षी सप्ताह सुरू झाला. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ नोव्हेंबर सलीम अलींचा. मधला आठवडा महाराष्ट्रात २०२० पासून पक्ष्यांच्या नावाने साजरा होतो. चितमपल्ली यंदा, जून २०२५ मध्ये गेले. ते नसतानाचा हा पहिलाच सप्ताह, म्हणून आज काहीतरी लिहायचंच असं सकाळपासून मनात होतं. लिहायला बसले तर डोळ्यांपुढे आलं ते दोन वर्षांपूर्वी पाहिलेलं पांगती.

पांगती हे नागालँडच्या वोखा जिल्ह्यातलं लोथा नागांचं गाव. गावाखाली डोयांग नदीवरच्या धरणाचा जलाशय पसरलाय. ७५ मेगावॉटचा हा जलविद्युत प्रकल्प २००० साली सुरू झाला. ऑक्टोबरच्या मध्यावर या पाण्याच्या काठच्या झाडीत अमूर ससाणे उतरायला लागतात. पूर्व सैबेरिया, मंगोलिया, उत्तर चीन या भागात वीण आटोपून ते आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडे निघालेले असतात, आणि वाटेत काही आठवडे इथे मुक्काम करतात. पक्षी जेमतेम दीडशे ग्रॅमचा, म्हणजे आपल्या पारव्याच्या निम्मा. पुढचा पल्ला गाठायचा तर अंगावर चरबी चढवावी लागते, आणि त्याच सुमाराला इथल्या डोंगरांत वाळवीला पंख फुटून तिचे थवे जमिनीतून वर येतात. ससाण्यांची पंगत त्या वाळवीवर.

मी चार रात्री राहिले. पहिल्या संध्याकाळी जलाशयाकडे तोंड करून उभी होते. पाचच्या आधीच तिथे अंधारायला लागतं. आधी वाटलं, डोंगरावर कुणीतरी राब पेटवलाय आणि त्याचा धूर वळतोय. मग धूर आपल्याकडेच यायला लागला. पाच मिनिटांत डोक्यावर आभाळ उरलं नाही. आवाज कसा सांगू? पत्र्यावर बारीक पाऊस सुरू व्हावा तशी चिरचिर, पण ती वरून, चहूबाजूंनी. एकेका फांदीवर वीस-वीस पक्षी दाटीवाटीने बसत होते, फांदी वाकली की त्यातले चार उडून पुन्हा दुसऱ्यांच्या खांद्याला खांदा लावत होते. विजेच्या तारा तर मण्यांच्या माळा झाल्या होत्या.

आता यामागची गोष्ट. २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये रामकी श्रीनिवासन, शशांक दळवी, रोकोहेबी कुओत्सु आणि बानो हारालू ही वन्यजीव संवर्धनात काम करणारी मंडळी इथे पोचली तेव्हा याच झाडांमधून मासेमारीची नायलॉनची जाळी उभी लावलेली होती. सांजेला मुक्कामाला येणारे आणि पहाटे उठणारे ससाणे त्यात अडकायचे. जिवंत पक्षी मच्छरदाणीत कोंडून ठेवायचे, मग मारून, पिसं काढून, धुरावर वाळवून विकायचे. दिवसाला १२ ते १४ हजार पक्षी, आणि हंगामात लाखाच्या वर, असा त्यांचा अंदाज होता. त्यांनी काढलेली दृश्यं जगभर गेली. पुढच्याच वर्षी, २०१३ मध्ये, तिथे एकही ससाणा जाळ्यात मारला गेला नाही. एका वर्षात!

हे कसं झालं ते मी ज्यांच्या घरी उतरले होते त्या काकांकडून ऐकलं. ते नागामीजमध्ये बोलायचे, त्यांची मुलगी हिंदीत सांगायची. बोलताना ते ओसरीवर बसून मासेमारीचं जाळं दुरुस्त करत होते. डाव्या पायाच्या अंगठ्यात जाळ्याची कड अडकवलेली, उजव्या हातात बांबूची सुई, आणि गाठीमागून गाठ पडत होती. एकदाही खाली बघत नव्हते.

मी विचारलं, "हेच जाळं का?"

"हे नाही. पण असंच." मग थोड्या वेळाने म्हणाले, "मासा सोडवणं सोपं. ससाण्याच्या पंखाचं टोक फिरून गुंततं. ते सोडवायला वेळ लागतो, म्हणून आम्ही सोडवत नव्हतो, तोडत होतो."

हे वाक्य मुलीने आधी सांगितलंच नाही. वडिलांनी तिच्याकडे पाहिलं, तेव्हा सांगितलं.

ग्रामसभेने बंदी घातली, चर्चच्या पाळकांनी रविवारच्या प्रार्थनेत विषय काढला, वन विभाग आला, बानो हारालूंच्या संस्थेने शाळेतल्या मुलांना घेऊन निसर्गमंडळं काढली. पण काका म्हणाले की त्यांच्यासाठी निर्णायक ठरली ती मुलगी. ती शाळेतून आली आणि पक्षी कुठून येतो, कुठे जातो ते तिने जमिनीवर कोळशाने रेघ ओढून दाखवलं. रेघेच्या बरोबर मधे आपलं गाव होतं.

७ नोव्हेंबरला लोथांचा तोखू एमोंग असतो. कापणी झाली, धान्य घरात आलं, की हा सण. घरोघरी जाणं-येणं, जेवणं, नाच, आणि वर्षभरातली भांडणं मिटवून टाकणं. जुनी रीत अशी, की सण लागताना गावात परका माणूस असेल तर त्याने एकतर आधी निघून जावं, नाहीतर सण संपेपर्यंत गावाचा पाहुणा म्हणून राहावं. ससाणे नेमके त्याच दिवसांत तिथे असतात. काकांची मुलगी म्हणाली, "ते सणाच्या आधी येतात आणि सण झाल्यावर जातात. म्हणजे ते आता पाहुणेच ना?"

तुमच्यापैकी कुणी अमूर ससाणे पाहिलेत का? आपल्याकडे किंवा तिकडे? आणि आपला सप्ताह तुमच्या गावात कसा साजरा होतो? सविस्तर लिहा.

---

आडवाट | ५ नोव्हेंबर, रात्री १०.४८

ताई, तो कोळशाच्या रेघेचा प्रसंग वाचून थांबलो जरा.

अमूर ससाणे आपल्या डोक्यावरून जातात हे पुष्कळ जणांना माहीत नसतं. नागालँडहून निघालेले पक्षी भारत आडवा ओलांडतात आणि त्यातले कितीतरी महाराष्ट्रावरून जाऊन अरबी समुद्रावर निघतात. उंचावरून आणि बरेचदा रात्री जातात म्हणून दिसत नाहीत. लोणावळ्याच्या बाजूच्या पठारांवर मला नोव्हेंबरअखेर दोनदा मिळाले, दोन्ही वेळा सकाळी, वाळलेल्या गवतावर किडे टिपताना.

ओळखायचं कसं? आपल्याकडचा नेहमीचा हिवाळी खरूची (केस्ट्रेल) आणि अमूर ससाणा यांत गफलत होते, दोघंही वाऱ्यावर एका जागी पंख फडफडवत थांबतात. पायांकडे बघा. खरूचीचे पाय पिवळे, अमूरचे गडद नारिंगी. नर पाटीसारखा करडा, मांड्यांचा भाग तांबूस, आणि उडताना पंखांखालचा पांढरा भाग लख्ख दिसतो. मादीचं पोट पांढरट, त्यावर काळे ठिपके-पट्टे. पहिल्या खेपेला मी मादीला अर्धा तास खरूची समजून बघत होतो. ती कुंपणाच्या खांबावर येऊन बसली तेव्हा पाय दिसले.

---

दर्यावर्दी | ६ नोव्हेंबर, पहाटे ५.२०

मी मालवाहू जहाजांवर तेवीस वर्षं काढली. नोव्हेंबर-डिसेंबरात अरबी समुद्र ओलांडताना एकदा छोटा ससाणा डेकवरच्या रेलिंगवर येऊन बसला होता. कोणता ते तेव्हा कळत नव्हतं, पण नारिंगी पाय मला स्पष्ट आठवतात. आडवाटदादांचं वाचलं आणि उठूनच बसलो.

२०१३ मध्ये तीन ससाण्यांच्या पाठीवर पाच-पाच ग्रॅमचे उपग्रह-ट्रान्समीटर बसवले होते, सौर ऊर्जेवर चालणारे. नावं ठेवली नागा, वोखा आणि पांगती. ज्या गावाने मारले त्याच गावाचं नाव पक्ष्याच्या पाठीवर! त्यांच्या प्रवासावरून कळलं की नागालँडपासून सोमालियापर्यंतचा सुमारे ५६०० किलोमीटरचा पल्ला ते साडेपाच दिवसांच्या आसपास, कुठेही न उतरता पार करतात.

जहाजावरच्या माणसाला यात नवल वाटतं ते वाऱ्याचं. या दिवसांत वारा ईशान्येकडून असतो, म्हणजे ससाण्याला पाठीवर. आपले जुने तारवं-गलबतंवाले याच वाऱ्यावर आफ्रिकेच्या किनाऱ्याला जायचे आणि नैर्ऋत्येचा वारा सुरू झाला की परत यायचे. पक्षीही एप्रिल-मेमध्ये तसेच उलटे येतात. चतुरांच्याही झुंडी याच काळात समुद्र ओलांडतात. ससाणे वाटेत ते खात असावेत असा अभ्यासकांचा कयास आहे. मी भर समुद्रात, किनारा दोन दिवसांवर असताना, डेकच्या दिव्याभोवती चतुर पाहिलेत.

---

निवृत्त_मास्तर | ६ नोव्हेंबर, सकाळी ११.०५

रानवारा, मनापासून लिहिलं आहेस. एक मात्र निसटलं आहे, ते सांगतो.

जाळी का लागली? डोयांगवर धरण झालं तेव्हा नदीकाठची चांगली शेतं पाण्याखाली गेली. धरणात माणसाचं काय जातं ते मी माझ्या आजोळी पाहिलं आहे. शेती गेली म्हणून लोक मासेमारीकडे वळले, म्हणून घरात नायलॉनची जाळी आली. पाणी साठल्यावर ससाणे तिथे लाखोंनी मुक्काम करू लागले. म्हणजे ज्या पाण्याने जमीन नेली त्याच पाण्याने पक्षी आणले. गावाने त्यात आपली भरपाई पाहिली. मग बाहेरून माणसं आली, त्यांनी दृश्यं दाखवली, जगाने गावाला क्रूर म्हटलं. गावाने पक्षी सोडले, म्हणजे हंगामाची रोख मिळकतही सोडली. त्याच्या बदल्यात गावाला काय मिळालं? वर्षातून चार आठवडे काही घरांत पाहुणे उतरतात. ज्यांच्याकडे जादा खोली नाही, त्यांचं काय?

सण झालाच पाहिजे. पण त्याची किंमत कोणी मोजली हे प्रत्येक वेळी सांगितलं गेलं पाहिजे.

---

रानवारा | ६ नोव्हेंबर, दुपारी २.३०

मास्तर, तुमचं बरोबर आहे, आणि हे मीच लिहायला हवं होतं. काकांचं शेत खालीच होतं. तिसऱ्या दिवशी होडीतून जाताना त्यांनी वल्हं थांबवून पाण्याकडे बोट दाखवलं: "इथे संत्री होती." एवढंच. पाणी उथळ होतं तिथे अजून वाळक्या बुंध्यांची टोकं वर आलेली दिसतात.

पांगती, आशा आणि सुंगरो या तीन गावांनी मिळून मुक्कामाच्या जागेसाठी संघ केला आहे. जंगल राखायला माणसं ठेवली आहेत, पूर्वीचे शिकारीच आहेत त्यांत. कोणता थवा कुठे बसतो ते त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नाही. पण पैसा अपुरा पडतो हे मला तीन वेगवेगळ्या माणसांनी सांगितलं. निरीक्षण मनोऱ्यापाशी फोटो काढून त्याच संध्याकाळी वोख्याला परतणारे खूप असतात. गावात एक रात्र राहा, जेवा, वाटाड्या घ्या, एवढं जाणाऱ्या प्रत्येकाने करावं असं मला फार वाटतं.

जाणाऱ्यांसाठी: दिमापूरपर्यंत रेल्वे आणि विमान आहे, पुढे गाडी. इनर लाइन परमिट लागतं, ते आधी काढून ठेवा.

---

भिंगरी | ६ नोव्हेंबर, रात्री ८.१५

आपल्या सप्ताहाबद्दल विचारलंत म्हणून लिहिते. गेल्या वर्षी एका जलाशयावर गेले होते. नाव लिहीत नाही, कारण असं बऱ्याच ठिकाणी चालतं आणि तिथले नावाडी माझ्या ओळखीचे आहेत.

पहाटे होडीत आम्ही सहा जण. समोर उथळ पाण्यात दोनेकशे रोहित (फ्लेमिंगो), माना खाली, चोची उलट्या करून चिखल गाळत चाललेले. रोहित खाताना एक बारीक, घशातल्या घशात गुणगुणल्यासारखा आवाज करत असतो, तो मी पहिल्यांदाच इतक्या जवळून ऐकत होते. तेवढ्यात शेजारचे गृहस्थ नावाड्याला म्हणाले, "अहो, जरा उडवा ना. पंख उघडल्याशिवाय गुलाबी दिसत नाही." नावाड्याने माझ्याकडे पाहिलं. मी नको म्हणाले. दुसऱ्या होडीला कुणी नको म्हणालं नाही. ती सरळ थव्यात घुसली. सगळे उडाले, लांब वळसा घालून पलीकडच्या काठाला उतरले, आणि तिसरी होडी तिकडे वळली. तासाभरात तो थवा चारदा उडवला.

परतताना नावाडी म्हणाला, "ताई, नाही म्हटलं तर पुढच्या वेळी दुसऱ्याकडे जातात." तोही चुकीचा नाही. पोट त्याचंही आहे. त्याच काठावर पक्षी सप्ताहाचा फलक लावलेला होता, म्हणून जास्त लागलं.

---

माळराखा | ७ नोव्हेंबर, सकाळी ७.४०

भिंगरीताई, म्हणूनच मला राजस्थानातलं खीचन आवडतं. फलोदीजवळचं छोटं गाव. सप्टेंबरपासून मार्चपर्यंत हजारो करकोचे तिथे उतरतात, तिकडे त्यांना कुरजां म्हणतात. १९७०च्या दशकात रतनलाल मालू नावाचे गृहस्थ कबुतरांना दाणे टाकायचे, तिथे थोड्या कुरजां आल्या. पुढे गावाने त्यांच्यासाठी कुंपण घातलेलं चुग्गाघर केलं आणि रोज पोत्यांनी धान्य पडू लागलं. यंदा, जून २०२५ मध्ये खीचनला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला.

तिथे बघणारा गच्चीवर असतो आणि पक्षी अंगणात. कुणी आवाज करत नाही. सासरी असलेली बाई परदेशी गेलेल्या नवऱ्याला कुरजांबरोबर निरोप धाडते अशी लोकगीतं तिकडे आहेत. ज्या पक्ष्यावर निरोप सोपवायचा त्याला कोण हुसकावेल? गावाची मोठी काळजी म्हणजे विजेच्या तारा. पहाटेच्या धुक्यात कुरजां त्यांना धडकून मरतात.

---

आडवाट | ७ नोव्हेंबर, सकाळी ९.२५

तारांवरून भूतानचं फोबजिखा खोरं आठवलं. काळ्या मानेचे क्रौंच तिबेटच्या पठारावरून ऑक्टोबरअखेर तिथे येतात. त्यांच्यासाठी खोऱ्यातल्या विजेच्या तारा जमिनीखालून नेल्या आहेत. आणि गांगते मठाच्या अंगणात १९९८ पासून दर वर्षी क्रौंच महोत्सव होतो, तारीख ११ नोव्हेंबर. शाळेची मुलं क्रौंचांचा वेश करून नाचतात. आल्यावर आणि जाताना क्रौंच मठाला तीन प्रदक्षिणा घालतात अशी तिथली श्रद्धा आहे.

म्हणजे बघा, ५ ते १२ आपला सप्ताह, ७ ला तोखू एमोंग, ११ ला फोबजिखा. तीन ठिकाणं, एकाच आठवड्यात. ठरवून कुणी केलेलं नाही. आपली तारीख दोन माणसांच्या जन्मावरून आली, लोथांची कापणीवरून. पक्षी मात्र खरोखरच या दिवसांत वाटेवर असतात.

---

निवृत्त_मास्तर | ७ नोव्हेंबर, सायंकाळी ६.००

आडवाट, चांगली नजर. भिंगरीच्या प्रश्नाला माझ्याकडून एक लहानसं उत्तर: आमच्याकडे दोन वर्षांपासून सप्ताहातला एक दिवस नावाड्यांचा असतो. ते बोलतात, आम्ही ऐकतो. थवा उडाला की त्याला खायला किती वेळ कमी मिळतो हे यंदा एका नावाड्याने पोरांना सांगितलं, मला इतकं नीट सांगता आलं नसतं. होडी कुठपर्यंत न्यायची तिथे त्यांनीच बांबू रोवले आहेत. चारही होड्या बांबूपाशी थांबतात, त्यामुळे कुणाचं गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जात नाही.

---

भिंगरी | ७ नोव्हेंबर, रात्री ९.५०

बांबू! मास्तर, हे मला सुचलंच नव्हतं. चारही होड्यांनी एकदम ठरवलं तरच होतं, नाही का? रविवारी जाऊन बोलते त्यांच्याशी. तुमच्या नावाड्यांपैकी कुणी फोनवर बोलेल का आमच्या लोकांशी? माझ्यापेक्षा त्यांचं ऐकतील.

---

निवृत्त_मास्तर | ७ नोव्हेंबर, रात्री १०.१०

बोलेल. नंबर व्यक्तिगत निरोपात पाठवतो.

---

रानवारा | १२ नोव्हेंबर, रात्री ८.३०

काकांच्या मुलीला आज फोन केला. तोखू एमोंग छान झाला म्हणाली. सणाच्या रात्री अंगणात ढोल वाजत होते आणि खालच्या झाडीतले ससाणे जागेच होते, त्यांची चिरचिर मधूनमधून ऐकू येत होती. परवापर्यंत तारा भरलेल्या होत्या. काल सकाळी वारा फिरला, आभाळ निवळलं आणि थवे उंच चढायला लागले. आज संध्याकाळी तारांवर मोजून चाळीस पक्षी होते.

काकांनी फोन घेतला. मला त्यांची भाषा येत नाही, त्यांना माझी. "महाराष्ट्र," ते म्हणाले, आणि मग हिंदीत एकच शब्द, "देखना."

आडवाटदादा, पठारावर कधी जाताय?

---

आडवाट | १२ नोव्हेंबर, रात्री ९.०५

शनिवार-रविवार दोन्ही दिवस. पहाटे पाचला निघतो.

---

आडवाट | १६ नोव्हेंबर, सकाळी ११.४०

काल काही नाही. दिवसभर दोन खरूची आणि एक घार.

आज सात वाजून दहा मिनिटांनी तीन. दोन माद्या, एक नर. कुंपणाच्या तारेवर बसून नाकतोडे खात होते. वीस मिनिटं थांबले, मग एकामागून एक उठून कड्याच्या पलीकडे, कोकणाच्या बाजूला गेले. पाय नारिंगी. काकांना कळवा.